सर्वांत मोठी पोकळी कुठं आहे?

९ मे २०२४ रोजी इस्रोनं महेंद्रगिरीच्या चाचणी केंद्रात पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं एक इंजिन ६६५ सेकंद चालवलं. ते धातूची भुकटी लेझरनं थरावर थर वितळवत बनवलेलं, म्हणजे ‘छापलेलं’ होतं. पूर्वी या इंजिनाचे १४ भाग जोडावे लागत, आता ते एकसंध आहे आणि १९ वेल्ड वाचले. ५६५ किलो फोर्जिंग आणि पत्रा लागायचा, तिथं १३.७ किलो भुकटीत काम भागलं. अभिमान वाटावा असंच हे काम आहे.

पण त्यावरून ‘छापलेला भाग घडीव भागाइतकाच भरवशाचा’ असा सरसकट निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. रॉकेटचं इंजिन एका उड्डाणात काही मिनिटं जळतं आणि त्याचं काम संपतं. खुब्यात बसवलेला टायटॅनियमचा सांधा मात्र दर पावलाला भार झेलतो, म्हणजे वर्षाला साधारण दहा लाख वेळा. म्हणून तर कृत्रिम खुब्याच्या दांड्याला मानकानुसार ५० लाख आवर्तनांची चाचणी द्यावी लागते. एकदा जोर लावून न तुटणं वेगळं आणि थोड्या जोरानं लाखो वेळा वाकूनही न थकणं वेगळं.

विमानात आणि रोपणांत सर्रास वापरला जाणारा टायटॅनियमचा मिश्रधातू घ्या, सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियमचा. टेन्साइल टेस्टमध्ये, म्हणजे एकदाच तुटेपर्यंत ओढून बघण्याच्या चाचणीत, छापलेला नमुना अनेकदा घडीव नमुन्याच्या पुढे जातो. तोच नमुना यंत्रातून निघाला तसा, खडबडीत पृष्ठभागासह, थकव्याच्या चाचणीला लावला की चित्र उलटं होतं. एक कोटी आवर्तनं तो ज्या ताणाला तग धरतो, तो ताण गुळगुळीत केलेल्या घडीव नमुन्याच्या निम्म्याखाली येऊ शकतो.

कारण खडबडीतपणात आहे तसंच आतल्या पोकळ्यांतही आहे, आणि सगळ्या पोकळ्या सारख्या नसतात. भुकटी बनवताना कणांत अडकलेला आरगॉन वायू गोल, बारीक छिद्रं सोडतो. लेझरची ऊर्जा जास्त झाली तर वितळलेल्या धातूत खोल खड्डा पडतो आणि तो ढासळताना तळाशी छिद्र राहतं. सर्वांत घातक तिसरी. ऊर्जा कमी पडली की दोन थर नीट एकजीव होत नाहीत आणि मधे चपटी, टोकदार कडांची फट राहते. तिच्यात न वितळलेली भुकटीही सापडते. ही फट थरांना समांतर असते. त्यामुळे थर ज्या दिशेनं चढवले त्याच दिशेनं भाग ओढला गेला की ती उघडते आणि तडा तिथून निघतो. म्हणून भाग बिल्ड प्लेटवर, म्हणजे ज्या पाटावर थर चढवतात त्यावर, उभा छापला की आडवा, हे विचारल्याशिवाय त्याच्या आयुष्याबद्दल बोलू नये.

‘घनता ९९.५ टक्क्यांहून अधिक’ हा जाहिरातीतला आकडा इथं फारसा उपयोगाचा नाही. क्युशू विद्यापीठातले युकिताका मुराकामी यांनी १९८०च्या दशकातच दाखवून दिलं होतं की, ताणाला काटकोनातल्या प्रतलावर दोषाचं जे क्षेत्रफळ पडतं त्याचं वर्गमूळ आणि धातूचा कठीणपणा, यांवर थकव्याची मर्यादा बरीचशी सांगता येते. दोष पृष्ठभागाशी असेल तर आणखी वाईट. साखळी तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतकीच टिकते. इथंही सरासरी पोकळी निरुपयोगी आहे. निर्णय सर्वांत मोठी पोकळी घेते, आणि ती कुठं बसली आहे ते.

उपाय आहेत. हिपिंगमध्ये भाग सुमारे ९२० अंश सेल्सिअसला, वातावरणाच्या हजारपट दाबाखाली काही तास ठेवतात आणि आतल्या पोकळ्या दाबून मिटवतात. पण जी पोकळी पृष्ठभागाशी जोडलेली आहे तिच्यात दाबाचा वायूच शिरतो, ती मिटत नाही. पृष्ठभागाचं मशिनिंग केल्यानं मोठा फायदा होतो, तरी कधीकधी त्यातूनच आत दडलेली पोकळी कडेवर येते. सीटी स्कॅनमध्ये भाग जितका जाड तितका तपशील कमी दिसतो, त्यामुळे मोठ्या भागातली बारीक फट निसटते. खुब्याच्या वाटीची तर अडचणच निराळी आहे. हाड धरावं म्हणून तिचा बाहेरचा पृष्ठभाग मुद्दाम सच्छिद्र छापतात, आणि थकव्याला नेमका असाच पृष्ठभाग नकोसा असतो. तिथं डिझाइन करणाऱ्यानं भार कुठून जातो याचा हिशेब आधीच मांडलेला असावा लागतो.

आपल्या कारखान्यांत आता मेटल प्रिंटिंगचे भाग विकत घेणं सुरू झालं आहे आणि अनेक ठिकाणी सोबत येतं ते फक्त टेन्साइलचं प्रमाणपत्र. वारंवार भार झेलणाऱ्या भागासाठी ते घेऊन स्वस्थ बसणं चूक आहे. खरेदी विभागातल्या वाचकांना माझी विनंती आहे: ऑर्डरवर चार गोष्टी लिहून मागा. भाग कोणत्या दिशेनं छापला, हिपिंग झालं का, कोणत्या पृष्ठभागांचं मशिनिंग केलं, आणि त्याच यंत्रावर, त्याच भुकटीतून, त्याच सेटिंगवर छापलेल्या नमुन्यांची थकव्याची चाचणी कुठं आहे. चौथ्याचं उत्तर मिळेपर्यंत तो भाग फिरत्या शाफ्टवर चढवू नका.