वादळ केवढे, हे आधी विचारावे

आपल्या रोजच्या बोलण्यात वादळे फार. नाटक 'तुफान' विनोदी असते, लग्नाला 'तुफान' गर्दी होते, सोसायटीची वार्षिक सभा 'वादळी' ठरते आणि शाळेतून आलेल्या नातवाने दप्तर भिरकावले की आजी म्हणते, "आलं बाई वादळ!" यात गैर काही नाही; भाषा अशीच रंगत जाते. परंतु ज्या घरात एखाद्याच्या मनात खरोखरच वादळ उठलेले असते, तेथे हा सैलपणा महागात पडू शकतो. शब्दाचे माप हरवले की दुःखाचेही माप हरवते.

वाऱ्यासाठीच्या आपल्या जुन्या शब्दांना असे माप होते. उन्हाळ्याच्या दुपारी अंगणातला पाचोळा गरगर फिरवून क्षणात नाहीशी होणारी ती वावटळ. झाडे वाकविणारा तो सोसाट्याचा वारा. चैत्र-वैशाखात गडगडाट करीत येतो आणि तासाभरात मोकळा होतो तो वळीव. पावसासह येणाऱ्या वाऱ्याला झंझावात म्हणावे, असे अमरकोश सांगतो. 'वादळ' हा शब्द हिंदीतील 'बादल'च्या कुळातला मानला जातो. तिकडे त्याचा ढग झाला, आपल्याकडे वारा. 'तुफान' फारसीच्या वाटेने अरबीतून आले. तेथे त्याचा अर्थ जलप्रलय असा होता. ज्या शब्दाने प्रलय सांगावा, त्याने आज आपण नाट्यगृहातील हशा सांगतो.

हवामानखात्याला असे करून चालत नाही. तेथे प्रत्येक पायरी वाऱ्याच्या वेगावर ठरते. ताशी ६२ ते ८८ किलोमीटर वारा असेल तर चक्रीवादळ, ८९ ते ११७ असेल तर तीव्र चक्रीवादळ आणि त्यापुढे अतितीव्र. मात्र या पायऱ्यांची सुरुवात वादळापासून होत नाही. समुद्रावर हवेचा दाब उतरतो, वारा ताशी ३१ किलोमीटरच्या पुढे जातो आणि इंग्रजी नोंदीत शब्द उमटतो: 'डिप्रेशन'. मनाच्या खचलेपणालाही डॉक्टर हाच शब्द वापरतात. मराठीत एकाला आपण कमी दाबाचे क्षेत्र म्हणतो, दुसऱ्याला नैराश्य. हा केवळ शब्दांचा योगायोग आहे. पण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. समुद्रावरील कमी दाबाची दखल पहिल्या दिवसापासून घेतली जाते, म्हणूनच किनाऱ्यावरील माणसे वेळेत हलविता येतात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' हे तीव्र चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेही काही दिवस आधी असेच कमी दाबाचे क्षेत्र होते.

घरातल्या कमी दाबाची दखल आपण घेतो काय? तेथे आपण दोन प्रकारे चुकतो. एक तर मोठ्या दुःखाला लहान शब्द देतो. सून चार दिवस गप्प असली की "पेल्यातलं वादळ आहे, शमेल" म्हणून मोकळे होतो. दहावीतला मुलगा चिडचिड करू लागला की "वात आणला या पोराने" एवढ्यावर विषय संपतो. दुसरी चूक याच्या उलट. लहानसहान कुरबुरीला रोज 'तुफान', 'प्रलय' म्हणत राहिलो, तर खरा प्रसंग आल्यावर सांगणाऱ्यापाशी शब्द उरत नाही आणि ऐकणाऱ्याचा कान बधिर झालेला असतो.

निसर्ग वादळात श्रीवर्धनकडील नारळी-पोफळीच्या कित्येक वाड्या आडव्या झाल्या. माझ्या परिचयातील एका वाडीवाल्या गृहस्थांना त्यानंतर कोणी विचारले की ते एवढेच म्हणत, "वारं येऊन गेलं, दुसरं काय?" शब्द मुद्दाम लहान निवडलेला. प्रत्यक्षात त्यांची झोप उडाली होती, जेवण निम्म्यावर आले होते आणि रात्री पत्रा वाजला की ते उठून बसत. गावाला वाटले, माणूस खंबीर आहे. त्यांच्या पत्नी मात्र रात्री मोजत होत्या. त्यांनी आग्रहाने त्यांना डॉक्टरांकडे नेले आणि एकच वाक्य सांगितले, "बाहेरचं गेलं, यांचं अजून गेलं नाही." उपचार सुरू झाले, पुढे झोप परतली. त्या माउलीने वादळाचे माप शब्दावरून घेतले नाही, खुणांवरून घेतले.

आपणही तेच करावे. झोप, भूक, कामातला रस, माणसांत मिसळणे या चार गोष्टी पाहाव्यात. उदासी किंवा निरिच्छा दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळजवळ रोज, अशी दोन आठवडे टिकली, तर ती वावटळ राहिलेली नाही, डॉक्टरांना दाखवावे. विचारतानाही "काय झालंय तुला?" असे दटावून विचारू नये. "किती दिवस असं वाटतंय? रात्री झोप लागते का?" असे विचारावे. त्याने माप कळते आणि आपले ऐकले जात आहे, हेही समोरच्याला कळते.

आणखी एक गोष्ट, सर्वांत महत्त्वाची. प्रबळ चक्रीवादळाच्या मध्यभागी 'डोळा' असतो. तो साधारणतः ३० ते ६० किलोमीटर रुंद असतो. तो डोक्यावर आला की वारा थांबतो, कधी आभाळही उघडते. वादळ गेले असे समजून माणसे बाहेर पडतात आणि थोड्याच वेळात उलट दिशेने तितकाच जोराचा वारा येतो. अत्यंत खचलेली व्यक्ती एकाएकी निश्चिंत दिसू लागली, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागली, निरवानिरवीची भाषा बोलू लागली, तर "बरं झालं, सावरला" असे म्हणून पाठ फिरवू नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. "जीव द्यावासा वाटतो का?" असे मायेने, पण सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट मनावरचा भार हलका होण्यास वाट मिळते. त्याच दिवशी डॉक्टरांची मदत घ्यावी. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.

तेव्हा नाटकाला तुफान म्हणावे, सभेला वादळी म्हणावे; भाषेची हौस जरूर पुरवावी. फक्त घरातले कोणी हळू आवाजात "जरा वारं सुटलंय" असे म्हणाले, तर हातातले काम बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसावे आणि विचारावे, "केवढं?"