ही गॅसची कळ नसेलही: पोटाच्या टीबीबद्दल तातडीचं आवाहन

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांनो,

जेवल्यावर तासा-दीड तासाने पोटात कळ उठते. बेंबीच्या आसपास गोळा येतो, शेजारच्यालाही ऐकू जाईल अशी गुडगुड होते, मग गोळा विरतो आणि बरं वाटतं. उल्हासनगर कॅम्पातल्या कारखान्यात, एमआयडीसीत किंवा पहाटेच्या लोकलने मुंबईला जाणारा माणूस मेडिकलमधून गॅसची गोळी घेतो आणि दिवस ढकलतो. संध्याकाळी अंगात कसकस असते. दगदगीमुळे असेल, असं घरचे म्हणतात. कमरेचा पट्टा दोन भोकं आत जातो. मग एका रात्री तो गोळा विरतच नाही.

हा आतड्याचा टीबी असू शकतो. खोकला नाही म्हणजे टीबी नाही, या समजुतीने फार घात केला आहे. लहान आणि मोठं आतडं जिथे मिळतं तिथे हा जंतू बहुतेकदा ठाण मांडतो. जखम होते, आणि ती भरताना आतडं आवळत जातं. ऑपरेशनला पोट उघडलं की आतड्यावर साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसतात. आवळलेल्या जागेतून कधी करंगळीही जात नाही, आणि तिच्या अलीकडे गिळलेल्या फळांच्या बिया अडकून पडलेल्या सापडतात. आतडं फुटलं तर तातडीने ऑपरेशन करावंच लागतं, शौचाची वाट काही महिने पोटावर काढावी लागू शकते, आणि आधीच खंगलेला माणूस एवढं करूनही दगावू शकतो. हेच वेळेत कळलं तर बहुतेकांना सहा महिन्यांच्या गोळ्या पुरतात.

म्हणून दोन-तीन आठवड्यांवर पोट दुखत असेल, सोबत संध्याकाळचा ताप, उतरतं वजन, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ असेल, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, ‘हा टीबी तर नाही ना?’ छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. सोनोग्राफी, गरज पडल्यास सीटी स्कॅन, दुर्बिणीने तुकडा काढून तपासणी, यातून निदान होतं. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तिथे जा. औषधं मोफत आहेत. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये मिळतात. हेल्पलाइन १८००-११-६६६६.

पोट फुगलं, उलट्या होताहेत, शौच नाही, वारा सरत नाही, किंवा पोट एकाएकी फळीसारखं कडक झालं, तर सकाळची वाट पाहू नका. एरंडेल नको, जुलाबाची गोळी नको, पोट चोळणं नको. खायला-प्यायला काही देऊ नका. १०८ ला फोन करा, जुने कागद सोबत घ्या.

औषध सुरू झाल्यावर ताप जातो, भूक लागते, आणि नेमक्या तिथेच गोळ्या सुटतात. सोडू नका. उपचार चालू असतानाही आतडं आवळू शकतं. कळ आली तर डॉक्टरांना दाखवा, पण गोळ्या मनाने बंद करू नका.

मेडिकलवाल्या बंधूंनो, दर आठवड्याला तीच गोळी मागणारं गिऱ्हाईक तुमच्या ओळखीचं असतं. काउंटरवर एवढंच विचारा, ‘वजन उतरलंय का? ताप येतो का?’

आणि लग्न ठरायचंय म्हणून मुलीचं दुखणं झाकून ठेवणाऱ्या आईवडिलांनो, एका ताटात जेवल्याने टीबी लागत नाही. छातीतही टीबी आहे का, तेवढं मात्र तपासून घ्या. उद्या सकाळी तिला घेऊन निघा.