पेरूचा मासा कोणाच्या ताटात?

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पेरू हा देश मासेमारीच्या इतिहासात एका वितीएवढ्या माशामुळे प्रसिद्धीस आला. अँचोवेता हे त्या माशाचे नाव. जगात एकाच जातीचा मासा इतक्या प्रचंड प्रमाणात पकडला जाण्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. २०२५ च्या पहिल्या हंगामासाठी पेरू सरकारने उत्तर व मध्य किनाऱ्यावर ३० लाख टन अँचोवेता पकडण्यास परवानगी दिली. याच देशाच्या राष्ट्रीय पाहणीनुसार २०२३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे या वयोगटातील सुमारे ४३ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त होती. समुद्रात प्रथिनांची आणि लोहाची अशी रेलचेल, आणि किनाऱ्यावरच्या मुलांच्या अंगात रक्त कमी, या विसंगतीचा उलगडा केवळ दारिद्र्य या एका शब्दाने होत नाही.

अँचोव्हीच्या कुलातील मासे आपल्याला अपरिचित नाहीत. मुंबई-कोकणच्या बाजारात मिळणारी मांदेली याच कुलातील. पेरूचा मासा मात्र वेगळ्या समुद्रात वाढतो. दक्षिणेकडून येणारा हम्बोल्ट हा थंड प्रवाह आणि तळातून वर येणारे पोषणयुक्त पाणी यांमुळे तेथे सूक्ष्म वनस्पतींची अमाप वाढ होते, आणि त्यांवर व सूक्ष्म जीवांवर अँचोवेताचे थवे पोसले जातात. माणसाने हा मासा खाणे ही काही नवी कल्पना नव्हे. लिमाच्या उत्तरेस, किनाऱ्यापासून वीसबावीस किलोमीटर आत असलेल्या काराल या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या नगराच्या उत्खननात या माशाचे अवशेष विपुल सापडले आहेत. आतल्या खोऱ्यातील कापूस आणि किनाऱ्यावरची मासळी यांच्या देवघेवीवर त्या प्राचीन समाजाचा संसार उभा होता, असे पुरातत्त्वज्ञ मानतात.

मग हे अन्न ताटातून गेले कोठे? त्याचे उत्तर अर्थकारणात आहे. एकोणिसाव्या शतकात पेरूने समुद्रपक्ष्यांची विष्ठा, म्हणजे ग्वानो, खत म्हणून युरोप-अमेरिकेला विकली; ते पक्षीही अँचोवेतावरच जगत होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर पक्ष्यांना वगळून थेट माशालाच हात घालण्यात आला. १९५० नंतर किनाऱ्यावर मासे शिजवून, दाबून, वाळवून त्यांची भुकटी करणारे कारखाने झपाट्याने उभे राहिले. या भुकटीला फिशमील म्हणतात; ती कोंबड्या, डुकरे आणि आता मुख्यतः संवर्धित मासे व कोळंबी यांचे खाद्य होय. चिंबोते या बंदराचे काही वर्षांतच धुराने आणि दर्पाने भरलेले औद्योगिक शहर झाले. १९७० मध्ये पेरूची पकड सव्वाशे लाख टनांच्या जवळ पोहोचली. त्यानंतर १९७२–७३ मध्ये एल निन्योमुळे समुद्र तापला. आधीच बेसुमार उपशाने खंगलेला साठा कोसळला. १९७३ मध्ये लष्करी राजवटीने साऱ्या उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. त्याच वर्षी जगभर पशुखाद्याचा तुटवडा निर्माण होऊन सोयाबीनचे भाव भडकले, आणि अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर काही काळ निर्बंध घातले. पेरूच्या किनाऱ्यावर मासा कमी पडला, आणि त्याची झळ दूरदूरच्या गोठ्यांना व खुराड्यांना लागली.

या इतिहासापासून पेरूने काहीच धडा घेतला नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शास्त्रज्ञांनी समुद्रातील साठ्याची पाहणी करावी, तिच्यावरून हंगामाची मर्यादा ठरावी आणि २००९ पासून प्रत्येक जहाजाचा वाटा निश्चित असावा, अशी पद्धत तेथे रुळली आहे. २०२३ मध्ये समुद्र तापला आणि जाळ्यांत लहान पिले अधिक दिसू लागली, तेव्हा सरकारने पहिला हंगाम रद्दच केला. निर्यातीचे मोठे उत्पन्न बुडत असताना असा निर्णय घेणे सोपे नसते. तेव्हा मासा टिकवावा कसा, या प्रश्नाला पेरूने बरेचसे उत्तर दिले आहे. तो कोणासाठी टिकवावा, हा प्रश्न मात्र त्याने अजून पुरता विचारलेलाच नाही.

कारण पकडलेल्या अँचोवेतापैकी थेट माणसाच्या मुखी जाणारा वाटा शंभरात दोन-तीन एवढाही क्वचितच भरतो. उरलेल्या माशाची भुकटी व तेल होते. सुमारे साडेचार टन ओल्या माशापासून एक टन भुकटी निघते. तिचा सर्वांत मोठा ग्राहक चीन आहे. तेलाचा उपयोग सामनसारख्या महागड्या संवर्धित माशांच्या खाद्यात आणि श्रीमंत देशांतील औषधी कुप्यांत होतो. या व्यवहारातून परकी चलन मिळते, हजारो कुटुंबांना रोजगार मिळतो आणि ती भुकटी अखेर कोणाच्या तरी अन्नातच परिवर्तित होते, हा कारखानदारांचा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. परंतु त्या परिवर्तनात अन्न गरिबाकडून श्रीमंताकडे सरकते, ही गोष्ट त्या युक्तिवादात येत नाही. स्वस्त मासा महाग माशाच्या पोटात गेला, की तो ज्याच्या आवाक्यात होता त्याच्या आवाक्याबाहेर जातो.

यावर सुचविला जाणारा उपाय म्हणजे डबाबंद अँचोव्ही. हा उपाय योग्यच आहे. परंतु डबाबंद अँचोव्ही या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न पदार्थ विकले जातात, आणि त्यांतील भेद न ओळखता केलेला प्रचार फसवा ठरतो. पहिला प्रकार युरोपीय. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील सांतोन्या हे त्याचे नामांकित केंद्र. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे आलेल्या सिसिलीच्या कारागिरांनी हा धंदा वाढविला. ताज्या माशाचे डोके काढून त्याला मिठाच्या थरांत दाबतात आणि कित्येक महिने मुरू देतात. माशातील प्रथिनांचे हळूहळू विघटन होऊन त्याला तांबूस रंग आणि तीव्र, मांसल चव येते. मग काटे काढून त्याच्या पट्ट्या तेलात भरतात. गरम तेलात टाकताच ही पट्टी विरघळते आणि सबंध पदार्थाला चव देते. इटलीत लसणाबरोबर तेलात विरघळवून भाज्यांसाठी केलेले ‘बान्या काउदा’ काय किंवा इंग्रजांचा वूस्टर सॉस काय, दोहोंच्या मुळाशी हीच युक्ती आहे. आपल्याकडे मूठभर सुकटीने वांग्याच्या भाजीला जो स्वाद येतो, त्याच जातीचे हे काम.

पोषणाच्या दृष्टीने या पट्ट्या समृद्ध आहेत. शंभर ग्रॅममागे सुमारे २९ ग्रॅम प्रथिने, साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह आणि २३० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम त्यांत असते; हृदयाला हितकर मानली जाणारी ओमेगा-३ मेदाम्लेही असतात. मासा लहान व अल्पायुषी असल्याने त्याच्या अंगात पारा फारसा साठत नाही. परंतु त्याच शंभर ग्रॅममध्ये साडेतीन हजार मिलिग्रॅमहून अधिक सोडियम असते. प्रौढ माणसाने दिवसाला दोन हजार मिलिग्रॅमच्या आत राहावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पन्नास ग्रॅमचा एक लहानसा डबा संपविला, की दिवसाचे बहुतेक मीठ पोटात गेले. असा पदार्थ चवीपुरता खावा. अर्भकाच्या आहारात त्याला स्थान नाही, आणि रक्तदाबाच्या रोग्याने तर त्यापासून दूरच राहावे.

दुसरा प्रकार साधा. तारलीप्रमाणे मासा स्वच्छ करून तेलात किंवा टोमॅटोच्या रसात डब्यात बंद करतात आणि तो डबा मोठ्या उष्णतेवर शिजवितात. उष्णतेने काटे इतके मऊ होतात की ते माशाबरोबरच खाता येतात आणि त्यांतील कॅल्शियम वाया जात नाही. मीठ बेताचे ठेवता येते. भात, बटाटे, कडधान्ये यांपैकी कशाहीबरोबर तो जातो. कुस्करून त्याचे वडे करता येतात, आमटीसारख्या रश्शात तो मिळविता येतो. शीतकपाट नसलेल्या डोंगराळ गावातही तो टिकतो. माशातील लोह शरीराला सहज शोषता येते, आणि सोबतच्या धान्य-कडधान्यांतील लोहाचे शोषणही माशामुळे सुधारते. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात. दूषित पाणी आणि वारंवार होणारे संसर्ग हीही त्यांत येतात. म्हणून मासा हे एकमेव औषध नव्हे. पण आहारातील उणीव भरून काढण्यासाठी जे हवे ते या साध्या डब्यात आहे.

मग तो घरोघरी का पोहोचत नाही? लोकांना चव आवडत नाही, गरिबांना पोषण कळत नाही, असे उत्तर सहज दिले जाते. अँचोवेता म्हणजे कोंबड्यांचे खाद्य, ही प्रतिमा त्या समाजात रुजली होती हे खरे. ती पुसण्यासाठी पत्रिसिया माय्लुफ या शास्त्रज्ञ विदुषीच्या पुढाकाराने २००६ मध्ये लिमातील नामांकित उपाहारगृहांनी या माशाचा खास सप्ताह साजरा केला. २०१२ पासून ‘मासे खाऊ या’ अशा अर्थाच्या नावाचा सरकारी कार्यक्रमही सुरू झाला. पण खरी अडचण नावडीची नाही. हा मासा मेदयुक्त, नाजूक आणि काही तासांत बिघडणारा आहे. भुकटीसाठी तो जहाजाच्या पोटात ढिगाने ओतला तरी चालते. माणसासाठी पकडायचा तर प्रथमपासून बर्फ हवा, लहान पेट्या हव्यात, वेगाने हाताळणी हवी. त्यापुढे कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा डबा आणि तेल यांचा खर्च माशाच्या किमतीहून अधिक होतो. उलट भुकटीचा ग्राहक सज्ज असतो, माल घाऊक उचलतो आणि डॉलरमध्ये पैसे मोजतो. अशा तुलनेत बाजार कोणाची बाजू घेईल, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्री लागत नाही.

जेथे बाजार उदासीन असतो तेथे शासनाने ग्राहक व्हावे, ही अपेक्षा रास्त आहे. पेरूने तेही केले; परंतु ते ज्या रीतीने केले, ती कथा क्लेशकारक आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या शालेय आहार योजनेला ‘काली वार्मा’, म्हणजे सुदृढ बालक, असे केचुआ भाषेतील नाव देण्यात आले. २०२४ मध्ये या योजनेतील डबाबंद मांसाबद्दल गंभीर प्रकार उघडकीस आले: गोमांस म्हणून घोड्याचे मांस आणि निकृष्ट माल मुलांपुढे गेल्याचे आरोप झाले. सरकारने योजना बंद करून नव्या नावाची दुसरी आणली. २०२५ मध्ये तिच्याही अन्नातून मुलांना विषबाधा झाल्याच्या घटना घडल्या आणि ती गुंडाळण्याची घोषणा करावी लागली. या प्रकरणात पैशाच्या अपहारापेक्षाही मोठी हानी झाली ती विश्वासाची. डब्याच्या आत काय आहे हे खाणाऱ्याला दिसत नाही. तो केवळ वरच्या चिठ्ठीवर आणि ती तपासणाऱ्या यंत्रणेवर भरवसा ठेवतो. ज्या आईने मुलाला शाळेच्या डब्यामुळे रुग्णालयात नेले, तिला पोषणाचे कोष्टक दाखवून काय उपयोग?

तेव्हा उपाययोजनेची दिशा स्पष्ट आहे. सगळी भुकटी बंद करा, अशी मागणी अव्यवहार्य होय. पेरूची लोकसंख्या सुमारे साडेतीन कोटी. एका हंगामाचा ३० लाख टन मासा वाटून दिला तर दरडोई ८५ किलो पडेल आणि तो कोणी खाऊ शकणार नाही. पण त्याचा केवळ विसावा हिस्सा, म्हणजे दीड लाख टन, माणसासाठी राखला तरी दरडोई चार किलोहून अधिक मासा होतो. भुकटीच्या उद्योगाने एवढे सोसण्यास हरकत नसावी. हा हिस्सा कायद्याने राखावा. बर्फ व पेट्यांसाठी लहान नौकांना साहाय्य द्यावे. आणि सरकारी खरेदीचा प्रत्येक डबा पुरवठादाराशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळांच्या तपासणीतून जावा. ज्या बालकांमध्ये रक्तक्षय सर्वाधिक आहे ती शाळेत जाण्याच्या वयाची नाहीत, हेही विसरता कामा नये. त्यांच्यापर्यंत हे अन्न लिमाच्या वस्त्यांतील स्त्रिया चालवितात त्या सामुदायिक स्वयंपाकघरांतून आणि बालसंगोपन केंद्रांतूनच पोहोचेल.

हा दूरदेशीचा प्रश्न म्हणून आपण हात झटकू शकत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी जवळजवळ ६९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. आदल्या पाहणीत हेच प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही तारली आणि इतर बारीक मासळीची भुकटी करणारे कारखाने आहेत, आणि कोळंबी-संवर्धन वाढेल तशी त्यांची भूक वाढणार आहे. पेरूइतका विपुल एकजिनसी मासा आपल्याकडे नाही. म्हणून तर येथे निर्णय अधिक लवकर घ्यावा लागेल. कोणत्या बंदरातून माणसाने खाण्याजोगी किती मासळी कारखान्यांकडे जाते, याची नियमित मोजदाद करून ती जाहीर करणे हे शासनाचे पहिले काम आहे. ते झाल्यावाचून मत्स्योत्पादनवाढीचे आकडे आणि मुलांच्या रक्तक्षयाचे आकडे दोन वेगळ्या खात्यांच्या अहवालांत शेजारी-शेजारी वाढत राहतील, आणि त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे हे कोणाच्या ध्यानीही येणार नाही.