जुन्या गेमची कॉपी: स्वस्तातला गठ्ठा महागात पडतो



पापड, लोणची आणि पर्युषणातला स्वयंपाक यांवर लिहिणारी बाई आज गेमच्या डिस्कवर का लिहिते आहे, असे तुम्हाला वाटेल. पण पुष्कळ घरांच्या माळ्यावर एक खोके असते. त्यात मुलांचा जुना प्लेस्टेशन, गुंडाळलेल्या वायरी आणि ओरखडे पडलेल्या डिस्क असतात. मुले चाळिशीला टेकली, आता तोच खेळ नातवंडांना हवा आहे आणि डिस्क मध्येच अडकते. मग कोणीतरी सल्ला देते, "पन्नासचा गठ्ठा आण, कॉपी मार, संपला विषय." माझे मत या सल्ल्याच्या विरुद्ध आहे. कोरी डिस्क निवडताना कंजुषी आणि लिहिताना घाई केली, तर पैसे जातात, वेळ जातो आणि खेळही हाती लागत नाही.

आधी हे समजून घेऊ की मूळ डिस्क आणि आपली कॉपी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कारखान्यातली डिस्क साच्यावर दाबून बनते. तिच्यातले खळगे कायमचे असतात. कोऱ्या सीडी-आरमध्ये रंगाचा एक पातळ थर असतो. रायटरचा लेसर तो तापवतो आणि त्यावर खुणा उमटतात. वाचणाऱ्या यंत्राकडे परत येणारा उजेड इथे दाबलेल्या डिस्कपेक्षा थोडा कमी असतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू तर जेमतेम १५ ते २५ टक्के उजेड परत पाठवते. पहिला प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानात विक्रीला आला. इतक्या जुन्या यंत्राची नजर आता माझ्यासारखीच झाली असणार. त्याच्यापुढे आरडब्ल्यू ठेवू नये. ती पुन्हा वापरता येते म्हणून काटकसरीची वाटते, पण जी वाचताच येत नाही ती कसली काटकसर?

दुसरी गोष्ट क्षमतेची. सीडी-आर ७४ मिनिटांची म्हणजे ६५० एमबीची किंवा ८० मिनिटांची म्हणजे ७०० एमबीची असते. ८० मिनिटांच्या डिस्कवर जास्त मजकूर मावावा म्हणून आतली वर्तुळाकार रेघ जास्त दाटीने आखलेली असते. बाजारात आता बहुतेक ८० चीच मिळते आणि ती चालतेही. पण ९० किंवा ९९ मिनिटांच्या डिस्क जुन्या यंत्रासाठी घेऊच नका. एकाच डब्यात दोन डब्यांचे पोहे कोंबले की झाकण बसत नाही, तशातली गत.

आता कंपनीचे नाव. "सगळ्या डिस्क सारख्याच असतात, ताई," असे दुकानदार सांगतो. तसे नसते. एकाच नावाच्या वेष्टनात वेगवेगळ्या कारखान्यांतला माल येऊ शकतो. खरा कारखानदार कोण, याचा संकेत डिस्कमध्येच लिहिलेला असतो आणि इम्गबर्नसारखा मोफत प्रोग्राम तो दाखवतो. जाणकार ज्या जपानी तैयो युदेनच्या डिस्क शोधतात, त्या कंपनीने २०१५ मध्ये हा धंदा सोडला. आपल्याकडची मोझर बेअर एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी होती. २०१८ मध्ये ती अवसायनात गेली. म्हणजे या नावांचा जो माल दिसतो तो बहुधा वर्षानुवर्षे पडून असलेला. चांगला रंगसुद्धा ऊन, उकाडा आणि दमट हवेने उतरतो. म्हणून काचेच्या शोकेसमध्ये उन्हात ठेवलेली डिस्क उचलू नका. सीलबंद आणि सावलीत ठेवलेलीच मागा.

मी बी.कॉम. झाले आहे, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. समजा, गठ्ठ्यातली डिस्क १० रुपयांना पडली आणि दहांतल्या चार वाया गेल्या. मग चालणारी प्रत्येक डिस्क १६ रुपये ६७ पैशांना पडली. शिवाय त्या चार डिस्कमागचा वेळ आणि पुन्हा न कुजणारा प्लास्टिकचा कचरा वेगळाच. त्यापेक्षा २० रुपयांची बरी डिस्क घेऊन एकदाच काम करावे. खरे तर घरात मूळ डिस्क असतील पाच-सहा. मग पन्नासचा गठ्ठा कशाला? दहा पुरेत. उरलेला गठ्ठा कपाटात जुना होतो आणि मग काहीतरी लिहायलाच हवे म्हणून आपण नको ते लिहीत बसतो. परिग्रह असाच वाढतो.

वेगाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. मुले म्हणतात, सर्वांत जलद. जुनी मंडळी म्हणतात, जितके सावकाश तितके उत्तम. दोन्ही अपुरी आहेत. एकपट वेग म्हणजे सेकंदाला १५० केबी. त्या वेगाने ८० मिनिटांची डिस्क लिहायला ८० मिनिटेच लागतात आणि सोळापट वेगाने साधारण पाच. आजच्या डिस्कचा रंग ४८ किंवा ५२ पट वेगासाठी बनवलेला असतो. तो फार मंद आचेवर नीट उमटत नाही, आणि नवे रायटर तितके खाली उतरतही नाहीत. भाकरीचा तवा फार तापला तर भाकरी करपते, थंड राहिला तर कच्ची राहते. आठ ते सोळा पट हा मधला वेग धरा. लिहून झाल्यावर पडताळणी करा. ती पाच-दहा मिनिटे वाचवू नका.

अजून एक बारकावा. पुष्कळ जुन्या गेममध्ये संगीत हे गाण्याच्या सीडीसारख्या वेगळ्या ट्रॅकवर असते. अशा डिस्कची साधी आयएसओ फाईल केली तर ते ट्रॅक मागेच राहतात. म्हणून बिन आणि क्यू अशी जोडी करावी, क्यू फाईल उघडून लिहावी आणि 'डिस्क ॲट वन्स' हा पर्याय निवडावा. नाहीतर खेळ सुरू होतो, पण मुका. मार्च २००० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन टूचे काही गेम सीडीवर आणि बहुतेक डीव्हीडीवर आहेत. त्यासाठी ४.७ जीबीची डीव्हीडी-आर घ्यावी. वरच्या बाजूला कागदी स्टिकर लावू नये, तोल बिघडतो. सीडीत लिहिलेला थर वरच्या छपाईच्या अगदी खाली असतो, म्हणून टोकदार पेनने नाव घालू नये. वरचा ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा घातक असतो.

इतके सगळे करूनही साध्या प्लेस्टेशनमध्ये कॉपी चालत नाही, हे दुकानदार बहुधा सांगत नाही. मूळ डिस्कच्या सुरुवातीच्या भागातली रेघ विशिष्ट तऱ्हेने थरथरती असते आणि त्यातून यंत्राला ओळख पटते. घरचा रायटर ती थरथर उमटवू शकत नाही. म्हणूनच आपल्याकडे चिप बसवलेली यंत्रे आली आणि त्यामागोमाग रस्त्यावर नकली डिस्कचे ढीगही आले.

इथे प्रश्न डिस्कचा राहत नाही, आपला होतो. स्वतःच्या विकत घेतलेल्या डिस्कची जपणुकीसाठी एक प्रत करणे आणि दुसऱ्याची डिस्क उतरवून घेणे यांत मला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. कायदाही हा फरक ओळखतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ कायदेशीर धारकाला संगणक प्रोग्रामची संरक्षणापुरती प्रत करू देते. २०१२ मध्ये आलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. म्हणजे कायद्यानेही नियत पाहिली. आपल्याकडे अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे आहे, तसेच नकली माल असली म्हणून खपवणेही आहे. "कंपनी आता विकतच नाही, मग नुकसान कोणाचे?" असे मुले विचारतात. प्रश्न अगदीच खोटा नाही. जुने खेळ खरोखर नाहीसे होत आहेत. पण बंद झालेले दुकान म्हणजे उघडे टाकलेले दुकान नव्हे. जुनी मूळ डिस्क वापरलेली का होईना, विकत मिळते. पुष्कळ जुने खेळ नव्या रूपात पुन्हा विक्रीलाही आले आहेत. नातवंडांना आपण खेळ देतो तेव्हा तो कसा मिळवला हेही त्यांना दिसत असते.

म्हणून या दिवाळीच्या सफाईत माळ्यावरचे खोके भंगारवाल्याला देण्याआधी उघडा. मूळ डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. ज्या नीट वाचल्या जातात त्यांची एकेक प्रत आजच करून ठेवा, कारण खराब झालेल्या डिस्कची चांगली प्रत कोणालाच करता येत नाही. मूळ डिस्क डबीत उभी ठेवा, उन्हापासून लांब. आणि हे काम नातवाला शेजारी बसवून करा. तो रायटर सांभाळेल, हिशेब तुम्ही सांभाळा.

जय जिनेंद्र.