डबा सोडा, कापूस हलवा!

मागच्या शनिवारी रात्री अकोल्याहून मित्राचा फोन. आवाज पार रडवेला. ‘‘काय सांगू बाप्पा, फाईल तं लॅपटॉपवर आली, पण उघडूनच नाही राह्यली!’’

आमचा हा पठ्ठ्या दिवसा नोकरी करतो आणि रात्री गाणी. गेली चार वर्षं सगळा कारभार टॅब्लेटवर, गॅरेजबँडमध्ये. आता त्यानं विंडोजचा नवाकोरा लॅपटॉप घेतलाय आणि टॅब्लेट सोमवारी पुसून धाकट्या बहिणीला द्यायचा, असं घरात ठरलंय. गाण्यांचं एवढं टेन्शन नव्हतं. पण एका प्रोजेक्टमध्ये त्याच्या आबाजींचं भजन होतं, खंजिरीसकट, अमरावतीच्या घरी ओसरीवर रेकॉर्ड केलेलं. आबाजी मागच्या पावसाळ्यात गेले. दुसरी कॉपी? नाही! चूक कोणाची? अर्थात आमच्या हीरोचीच.

रविवारी सकाळी अमरावतीहून बाईक काढली. हा तोच रस्ता, ज्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज रेकॉर्ड झाला. मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. पंडित वसंतराव देशपांडेंचं हे जन्मगाव, आणि आपल्या ‘शकुंतला’चं जंक्शन. तिथेच ट्यूब पेटली!

शकुंतलेचे रूळ अडीच फुटी, तर मुंबई-नागपूर लाईनचे साडेपाच फुटी. यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला यायचा, पण डबा काही मोठ्या रुळांवर चढायचा नाही. मग काय, गाठी उतरवायच्या आणि मोठ्या गाडीत भरायच्या. शकुंतला आता बंद आहे, पण तिचा फंडा झकास आहे. प्रोजेक्ट फाईल म्हणजे डबा आणि आवाज म्हणजे कापूस.

गॅरेजबँडचा प्रोजेक्ट मॅकवर उघडतो, पण विंडोजसाठी गॅरेजबँड निघालेलंच नाही. बरं, १९८३ पासून चालत आलेली ‘मिडी’ ही भाषा फक्त सूर कुठला, किती जोरात, किती वेळ एवढंच सांगते. पेटीचा किंवा ड्रमचा आवाज त्या अॅपमध्येच राहतो. म्हणून प्रत्येक ट्रॅकची स्वतंत्र ऑडिओ फाईल काढायची. स्टुडिओवाले तिला ‘स्टेम’ म्हणतात.

तर मंडळी, अकोल्यात आम्ही काय केलं ते लिहून घ्या.

एक, आधी प्रोजेक्टची डुप्लिकेट कॉपी. ओरिजिनलला हात लावायचा नाही.

दोन, टेम्पो, पट्टी आणि ताल कागदावर उतरवला. नव्या सॉफ्टवेअरला हे आपणच सांगावं लागतं.

तीन, एका रिकाम्या ट्रॅकवर पहिल्या मात्रेला एकच ठोका टाकला. मग एकेक ट्रॅक त्या ठोक्यासोबत सोलो करून एक्स्पोर्ट केला. लॅपटॉपवर सगळे ठोके एका रेषेत लावले की गाणं जुळलं!

चार, फॉरमॅट अनकम्प्रेस्ड, म्हणजे वेव्ह किंवा एआयएफएफ. एमपीथ्री नको. त्यात आवाज तर कापला जातोच, शिवाय सुरुवातीला किंचित शांतता घुसते आणि ताल सरकतो.

पाच, रिव्हर्ब, एको लावलेले ट्रॅक दोनदा काढले. एकदा इफेक्टसकट, एकदा कोरे. कोऱ्या आवाजाला नंतर हवा तो साज चढवता येतो.

सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला साधारण १० एमबी जागा खातो. चार मिनिटांचं, आठ ट्रॅकचं गाणं म्हणजे साडेतीनशे एमबीच्या आसपास. तेव्हा पेनड्राईव्ह जवळ ठेवा.

हा उपद्व्याप कमी व्हावा म्हणून २०२३ मध्ये ‘डॉप्रोजेक्ट’ नावाचा खुला फॉरमॅट आला. बिटविग आणि स्टुडिओ वन त्यातून एकमेकांचे प्रोजेक्ट वाचतात. पण सगळ्यांचे रूळ एका मापाचे व्हायला वेळ आहे. तोवर हमाली आपलीच!

संध्याकाळी शेवटचा ट्रॅक सोलो केला, आबाजींचा. चार वर्षं त्यावर की-बोर्ड, ड्रम, तानपुरा, काय काय चढलं होतं. पहिल्यांदाच तो आवाज एकटा वाजला. आधी खोकला, मग खंजिरीच्या चकत्यांची हलकी खुळखुळ, आणि मग आबाजी विचारतात, ‘‘झालं का रे बाबू सुरू?’’

मित्र कितीतरी वेळ काही बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, ‘‘हो आबाजी, झालं.’’

ती फाईल आता लॅपटॉपवर आहे, पेनड्राईव्हवर आहे आणि अमरावतीला माझ्या कपाटातही आहे. टॅब्लेट सोमवारी ठरल्याप्रमाणे पुसला गेला.

तुमच्या टॅबमध्ये, जुन्या मोबाईलमध्ये असं कोणी अडकून बसलंय का? या रविवारी बघाच. डब्याचा मोह सोडा, कापूस उतरवून घ्या!