उलट बोलणे आणि सांगणे

"मोठ्यांना उलट बोलू नये" हे वाक्य आपल्या मराठी वर्गात कोणालाही शिकवावे लागत नाही. ते घरूनच पाठ होऊन येते. या वाक्याबद्दल आम्हा मोठ्या गटातील मुलांचे एक मत आहे, आणि त्यासाठी एका विमानाची गोष्ट सांगायला हवी.

१३ जानेवारी १९८२. वॉशिंग्टनमध्ये जोराचा बर्फ पडत होता. एअर फ्लोरिडाचे ९० क्रमांकाचे विमान फ्लोरिडाला निघाले होते. फवारा मारून त्यावरचा बर्फ काढला, पण उड्डाणाला आणखी सुमारे ४९ मिनिटे लागली आणि पंखांवर पुन्हा बर्फ साचला. इंजिनात बर्फ होऊ न देणारी यंत्रणा तर चालूच नव्हती. यादी वाचताना सहवैमानिकाने तिचे नाव घेतले, कॅप्टन "बंद" म्हणाले, आणि दोघे पुढच्या ओळीवर गेले! इंजिनाच्या तोंडाशी दाब मोजणारी नळी असते. ती बर्फाने बुजली आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त जोर दाखवू लागला.

धावपट्टीवर विमान पळू लागले तेव्हा सहवैमानिकाला शंका आली. हे बरोबर वाटत नाही, असे तो पुन्हा पुन्हा म्हणाला. कॅप्टन म्हणाले, बरोबर आहे. मग तोही म्हणाला, असेल कदाचित. तेव्हा थांबता येत होते. "थांबा" हा शब्द मात्र कोणीच उच्चारला नाही.

विमान पुलावर आदळून गोठलेल्या पोटोमॅक नदीत पडले. विमानातले ७४ आणि पुलावरचे ४, असे ७८ जण गेले. ५ वाचले. हेलिकॉप्टरची दोरी दुसऱ्यांच्या हाती देत राहिलेले आर्लंड विल्यम्स बुडाले. पुलाला आज त्यांचे नाव आहे. (त्यांच्यावर खरे तर वेगळा लेख हवा.)

अशा अपघातांनंतर वैमानिकांच्या शिक्षणात एक धडा पक्का झाला: धाकट्याने स्पष्ट सांगायचे आणि कॅप्टनने ऐकायचे. पालकहो, आमचे म्हणणे एवढेच, की सांगणे म्हणजे उलट बोलणे नव्हे. आणि मित्रांनो, पुटपुटणे म्हणजे सांगणे नव्हे.

मागच्या रविवारी वर्ग सुटल्यावर आमच्यातल्या एकीच्या गाडीची मागची काच बर्फाने झाकली होती. तिने सांगितले. बाबा म्हणाले, "दिसतंय मला." तिने पुन्हा, जरा मोठ्याने सांगितले. बाबा उतरले आणि त्यांनी काच खरवडली. रागावले थोडे, पण खरवडली.