फेरिटिनपुढे 'नॉर्मल' छापून मोकळे होऊ नका

परतूरकडच्या एका वाचक डॉक्टरांनी या महिन्यात एक रिपोर्ट पाठवला आहे. बाईंचे वय 34, चार महिने रक्ताची आव, मेट्रोनिडाझोलचे तीन कोर्स होऊन गेलेले. हिमोग्लोबिन 8.4, एमसीव्ही 71, प्लेटलेट 5 लाख 60 हजार, ईएसआर 62. त्याखाली फेरिटिन 64 आणि समोर ठळक अक्षरांत 'नॉर्मल'. सीआरपी नाही, अल्ब्युमिन नाही. लोह पुरेसे आहे असे धरून बाईंची थॅलेसेमियाची तपासणी झाली. निदान झाले ते पुढे छत्रपती संभाजीनगरला, कोलोनोस्कोपीत: अल्सरेटिव्ह कोलायटिस.

आतड्याला सूज असताना फेरिटिन सुजेमुळेच चढते. सीआरपी नॉर्मल असेल तर 30 च्या खाली कमतरता धरायची. आजार पेटलेला असेल तर 100 पर्यंतही लोह कमी असू शकते. 30 ते 100 च्या मधे बहुधा दोन्ही कारणे एकत्र असतात. अशा वेळी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन 20 टक्क्यांच्या खाली आहे का, हे पाहिल्याशिवाय मत देता येत नाही. म्हणजे या बाईंच्या 64 ला नॉर्मल म्हणता येतच नव्हते. तरीही आपले कितीतरी सभासद किटच्या कागदावरची रेंज सॉफ्टवेअरमध्ये भरतात आणि पुढे बघतही नाहीत. हे आता थांबले पाहिजे.

पण सगळा दोष लॅबचा नाही. सरकारी केंद्रांत काम करणाऱ्या तंत्रज्ञांच्या पत्रांत एकच गाऱ्हाणे आहे. मागणीपत्रावर फेरिटिन रक्तक्षयाच्या गटात, सीआरपी तापाच्या गटात, आणि एका केसपेपरवर एकच गट मंजूर. ताप नसलेल्या रुग्णाचा सीआरपी मागितला की कागद शेरा मारून परत. ट्यूब तीच, सीरम तेच, तरी रुग्णाने दुसऱ्या दिवशी नवा केसपेपर काढायचा, पुन्हा सुई टोचून घ्यायची. घनसावंगीच्या वाडीवरून येणाऱ्या बाईची त्यात आणखी एका दिवसाची मजुरी बुडते. त्या दोन दिवसांत सीआरपी बदलून जातो, कारण त्याचे अर्धे आयुष्य जेमतेम 19 तासांचे. दोन वेगवेगळ्या दिवसांचे आकडे शेजारी ठेवून डॉक्टरांनी करायचे काय? हा नियम करणाऱ्या अधिकाऱ्याने एकदा तरी लॅबच्या खिडकीवर उभे राहावे.

ईएसआरवर भागवून न्या, असा तोंडी सल्लाही काहींना मिळाला आहे. रक्तक्षयातच ईएसआर वाढतो, हिमोग्लोबिन 8.4 असताना 62 मधले किती सुजेचे आणि किती रक्तक्षयाचे, हे कोणी सांगावे? ट्रूलव्ह आणि विट्स यांनी 1955 मध्ये कोलायटिसची तीव्रता ठरवताना ईएसआर घेतला खरा, पण जुलाब, नाडी, ताप आणि हिमोग्लोबिन यांच्या जोडीने.

सीआरपीलाही मर्यादा आहे. आजार गुदाशयापुरता असेल तर तो नॉर्मल राहू शकतो. तिथे शौचातील कॅलप्रोटेक्टिन कामाला येते: 50 च्या आत दिलासा, 250 च्या वर आजार बहुधा चालू, मधल्या आकड्याला फेरतपासणी. नमुना साध्या तापमानाला दोन-तीन दिवस टिकतो, त्यामुळे भोकरदनहून पाठवायला अडचण नाही. मात्र आतड्याच्या क्षयातही ते वाढते, आणि आपल्या भागात क्षय विसरून चालणार नाही.

या आकड्यांवर उपचार ठरतो. ॲनिमिया मुक्त भारतच्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आहे, पण सुजेत हेपसिडिन वाढले की आतडे ते आत घेत नाही. हिमोग्लोबिन 10 च्या खाली आणि आजार चालू, तर लोह शिरेतूनच द्यायला हवे. गोळी चालू ठेवली तर शौच काळे होते आणि रक्तस्रावाचा नवा संशय उभा राहतो.

तेव्हा मित्रांनो, नियम बदलण्याची वाट बघू नका. याच महिन्यापासून प्रत्येक फेरिटिनखाली एक ओळ छापा: 'सूज असल्यास हा आकडा सीआरपी व ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनसोबत वाचावा.' खासगी लॅबवाल्यांनी जुलाब आणि रक्तक्षय एकत्र दिसला की डॉक्टरांना फोन करून सीआरपी सुचवावा. सरकारी केंद्रांतल्या सभासदांनी परत आलेल्या प्रत्येक मागणीपत्राची झेरॉक्स, रुग्णाचे नाव झाकून, आमच्याकडे पाठवावी. जालन्यात 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विकृतिशास्त्राच्या प्राध्यापकांना आम्ही हा गठ्ठा देणार आहोत. येत्या 20 तारखेपर्यंत झेरॉक्स पोहोचवा.